गुळातली गोळी

आमच्या भुऱ्याला फिट येतात. हे वाक्य आता मी भाजीला निघाल्यासारखं सहज बोलते, पण पहिल्यांदा बोलताना माझा आवाज फुटत नव्हता. कुत्र्याला फिट येऊ शकते हेच मला ठाऊक नव्हतं. गावात विचारावं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला त्याला एवढंच माहीत, की कुत्र्याच्या तोंडाला फेस आला म्हणजे तो पिसाळला. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरी असं झालं तर आमच्यासारखं चाचपडत बसू नका. आणि आम्ही चुकलो ती जागा नीट बघून ठेवा, कारण ती चूक निष्काळजी घरात होत नाही. एकमेकांची मनं जपणाऱ्या घरातच होते.

आम्ही आसगावचे. मी शेजारच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे शेती बघतात आणि घरात माझ्या सासूबाई आहेत. त्यांना मी आईच म्हणते. लेक नागपूरला शिकायला. भुऱ्या आमच्याकडे आला तो आमगावच्या नणंदेकडून, तांदळाच्या चुंगडीत, म्हणजे रिकाम्या पोत्यात, बसून. जिल्हा फुटल्यापासून ती गोंदियावाली आणि आम्ही भंडारावाले, अशी आमच्यात थट्टा चालते. त्यामुळे भुऱ्याने चप्पल फाडली की हे म्हणायचे, "दुसऱ्या जिल्ह्याचं पाणी हाये हे, ऐकनार नाई."

लेक शिकायला गेल्यावर घर सुनं झालं होतं. ते भुऱ्याने भरलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे एका कुत्र्यापायी एवढा जीव का काढला, असं कुणी विचारणार नाही.

कुरोड्या वाळत घातल्या त्या दिवशी

उन्हाळ्याची सुट्टी होती. अंगणात खाटेवर मी कुरोड्या घालत होते आणि भुऱ्या कावळे हाकलायच्या कामावर होता. मधेच तो थांबला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. मी हाक मारली तर कान हलला नाही. मग तो आडवा कोसळला. चारही पाय ताठ, मान मागे, जबडा कडकड वाजतोय, तोंडाला फेस. पडल्यापडल्या पाय असे चालत होते, की पळत सुटलाय आणि रस्ता सरत नाहीये.

मी किंचाळले. शेजारचे देवचंदभाऊ कुंपणावरून डोकावले आणि ओरडले, "वैनी, दूर व्हा! पिसाळला हाये तो! काठी आना कोनी!"

काठी आलीसुद्धा. अशा वेळी काठी फार लवकर येते. हे आत जेवत होते, ते खरकट्या हाताने धावत आले आणि भुऱ्याच्या आडवे उभे राहिले.

"हात नोको लावू देवचंदभाऊ. घरचा जीव हाये."

"अरे, चावला तं मरशीन!"

तेवढ्यात आई बाहेर आल्या. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "पिसाळला नाई तो. मिरगी हाये हे. माह्या आत्याले येत होती. कांदा आन वो, कांदा सुंगव त्याले."

मी धावत कांदा आणला, बुक्कीने फोडला आणि त्याच्या नाकाशी धरला. कुणी म्हटलं चप्पल सुंगवा, तर चप्पलही धरली. बीएड झालेली बाई अंगणात बसून कुत्र्याला चप्पल सुंगवते आहे, असं ते दृश्य. यांना वाटलं त्याची जीभ घशात जाईल, म्हणून यांनी त्याच्या तोंडात बोटं घातली. जबडा मिटला तो बोटांवरच. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

मग एकाएकी सगळं थांबलं. भुऱ्या उठला, लडखडत चालला, भिंतीला धडकला. यांच्या हातातून रक्त गळत होतं आणि तो यांच्याकडे परक्यासारखा बघत होता. त्या नजरेची मला फेसापेक्षा जास्त भीती वाटली.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरने यांना विचारलं, "कुत्रा पिसाळलेला होता का?" हे म्हणाले, "नाई, बिमार हाये बिचारा." ती हसली. आम्हाला हसू आलं नाही.

माणसाची गोळी

पवनीच्या जनावरांच्या दवाखान्यात रांग होती ती बैलांची आणि बकऱ्यांची. डॉक्टर तरुण, अमरावतीकडचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "झटक्याचा व्हिडिओ काढला का?" मी म्हटलं, "साहेब, मी चप्पल धरून होते." ते म्हणाले, "पुढच्या वेळी चप्पल नको, मोबाईल धरा. आणि तोंडात हात तर मुळीच नको. आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, डोक्याखाली काही मऊ सारायचं आणि थांबायचं. दुसरं काही आपल्या हातात नसतं."

पुढची वेळ येणार आहे, हे मला त्या वाक्यातून कळलं.

मग त्यांनी निदान सांगितलं. हा आजार बरा होत नाही, काबूत राहतो. रोज सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि ती जन्मभर. "एक वेळ तुम्ही उपाशी राहिलात तरी चालेल मॅडम, पण गोळी चुकवू नका. अचानक बंद झाली तर झटके जोरात उलटतात." हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं आणि मी शाळेतल्या हुशार पोरीसारखी मान हलवली.

गोळी माणसांचीच, माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणारी. दुकानदाराने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"भुऱ्या."

"पूर्ण नाव?"

"भुऱ्या रामटेके," हे गंभीरपणे म्हणाले. परतताना गाडीवर त्यावरून आम्ही दोघं हसलो. त्या दिवशीचं तेवढंच हसू.

अंडं

गोळी कडू होती. भाकरीत घातली तर भाकरी खाऊन तो गोळी जमिनीवर ठेवायचा, दुकानदार सुट्टे पैसे परत करतो तशी. दह्यात घातली तर दही चाटून गोळी वाटीत. शेवटी उकडलेल्या अंड्याचा इलाज सापडला. पिवळ्या बलकात गोळी दाबली, की भुऱ्या चावतसुद्धा नसे, अख्खा घास गिळून मोकळा. सकाळी शाळेला जाण्यापूर्वी मी द्यायचे, संध्याकाळी आई द्यायच्या. मी मोबाईलमध्ये गजर लावून ठेवला होता. वेळेच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही.

झटके थांबले. एखादा हलका यायचा, पण तो सांभाळायला आम्ही शिकलो होतो. देवचंदभाऊसुद्धा शिकले. एकदा मी शाळेत असताना झटका आला, तर त्यांनीच त्याच्या डोक्याखाली आपला दुपट्टा सारला. काठी आणणारा माणूस दुपट्टा देतो, हे मला फार मोठं वाटलं आणि मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

आज मागे वळून बघते तेव्हा तेच आमचे चांगले महिने होते. त्या वेळी मात्र मी गावभर रडगाणं गात फिरत होते, की आमच्या नशिबी काय आलं बघा.

वर्षावास

आषाढ पौर्णिमा आली. आम्ही बौद्ध. वर्षावासाचे तीन महिने आई फार निगुतीने पाळतात. संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात ग्रंथवाचनाला जायचं, तिथून परतल्यावर कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, आणि घरात मांस, मच्छी, अंडं काही शिजवायचं नाही. त्या कुणावर सक्ती करत नाहीत. पण त्यांच्या चुलीवर, त्यांच्या भांड्यात आपण अंडं कसं उकडायचं, ही आमची समजूत.

गुळाचं ठरलं. कुणी ठरवलं? कुणीच नाही. पौर्णिमेच्या आधी यांनी उरलेली अंडी देवचंदभाऊंकडे देऊन टाकली. मी गूळ हाताने मऊ करून त्यात गोळी दाबली. आईंनी ते बघितलं आणि काही विचारलं नाही. त्यांना वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. आम्हाला वाटलं त्यांच्या मनासारखं झालं. आमच्याकडे मोठ्यांना अशा गोष्टी विचारत नाहीत. विचारलं की त्यांना अडचणीत टाकल्यासारखं होतं, त्यापेक्षा आपणच समजून घ्यावं, अशी रीत आहे. मला ती रीत तोवर फार चांगली वाटायची.

भुऱ्याने गूळ आवडीने घेतला. तोंडात धरायचा, शेपटी हलवायची आणि छपरीत आपल्या पोत्यावर जाऊन बसायचं. धानाच्या रोवणीचे दिवस होते. हे अंधार पडेपर्यंत शेतात, बांधीतल्या चिखलात, मला शाळेची घाई, आईंना विहाराची. गूळ तोंडात गेला, म्हणजे गोळी पोटात गेली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी

दुपारी एक झटका आला. तो थांबला, भुऱ्या उठायला लागला आणि दुसरा आला. मग तिसरा. मधे शुद्धच येईना. आई त्याच्याजवळ बसून एकच म्हणत होत्या, "थांब न बापा, आता थांब न." कुणाला सांगत होत्या कोण जाणे.

आम्ही त्याला गोधडीत गुंडाळून ऑटोत घातलं. पाऊस लागून होता, तलाव काठोकाठ भरलेले, रस्त्याला खड्डे. यांच्या मांडीवर तो उसळत होता आणि हे दातांवर दात धरून गप्प होते. एरवी बैलाच्या सर्दीवर अर्धा तास बोलणारा माणूस. दवाखान्यात इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. भुऱ्या एकदाचा सैल पडला तेव्हा मला वाटलं, गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली होती का?"

"एकदाही नाही."

"उलटी?"

"नाही. साहेब, मी शिक्षिका आहे. वेळ म्हणजे वेळ."

माझ्या आवाजात राग होता. ते पुन्हा म्हणाले, "नक्की ना?" आणि मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांगा." त्यांनी हात जोडले. मग या गोळीने भागत नाही म्हणून त्यांनी ती वाढवली आणि जोडीला दुसरी दिली. "आता जोखीम नको. जबडा उघडून जिभेच्या मुळाशी ठेवायची आणि तोंड मिटून धरायचं." त्या दिवसापासून गोळी द्यायचं काम यांच्याकडे आलं आणि गूळ बंद झाला.

झटके थांबले. त्यांच्यासोबत भुऱ्याही थांबला.

झोपलेला कुत्रा

तो दिवसभर पडून राहायचा. उठला तर मागचे पाय एकमेकांत अडकायचे. भूक मात्र अशी, की ताट चाटून झालं तरी जमीन चाटत राहायचा. पडल्या जागी लघवी. हाक मारली तर आपण पाण्याखालून बोलतोय असं बघायचा. एकदा नालीत पडला आणि तिथेच पडून राहिला, ओरडलासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले होते सुरुवातीला गुंगी राहील, शरीराला सवय होईल. पण पाऊस सरला, धान लोंबीवर आलं, तरी त्याची गुंगी उतरेना. आम्ही मनाशी धरलं, की आजार मेंदूत गेला.

मी त्याच्यावर चिडायचे, हे सांगायला लाज वाटते. शाळेतून थकून यावं आणि छपरी धुवावी. हे आणि मी एकमेकांवर खेकसायचो. आई मधे पडल्या की त्यांच्याशी तुटक बोलायचो. एका संध्याकाळी, पडून पडून त्याच्या मांडीला झालेल्या जखमेवर मलम लावताना हे म्हणाले, "याले मोकळं करून टाकाव का आपन?"

मी म्हटलं, "मीही तेच म्हणणार होते."

डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. "कापणी होऊ द्या, मग शांतपणे ठरवू," एवढंच बोलले. आम्ही मनातून ठरवूनच बसलो होतो. आईंना सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनातलं आताही आपणच समजून घेणार होतो.

मुंग्या

कापणीच्या तोंडावर छपरी मोकळी करायला घेतली. भुऱ्याचं जुनं पोतं पावसाळ्यापासून तसंच कोपऱ्यात तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, पडलेलं होतं. झाडू घेऊन गेले तर भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग, थेट पोत्याखाली. मी पोतं उचललं.

तणसात गोळ्या होत्या. वरचा गूळ मुंग्यांनी खाऊन टाकलेला आणि आत पांढऱ्या गोळ्या तशाच. काही अर्ध्या विरघळलेल्या, काही दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या. मी त्या ओंजळीत घेतल्या. ओंजळ भरली.

तो गूळ चोखून घ्यायचा आणि गोळी पोत्याखाली ठेवायचा. म्हणजे पोळ्याच्या आधी त्याच्या पोटात औषधच नव्हतं. म्हणजे पहिली गोळी अपुरी पडलीच नव्हती. म्हणजे पोळ्यापासून त्याला जो वाढीव डोस चालला होता, त्याची त्याला कधी गरजच नव्हती, आणि त्या गुंगीला आजार समजून आम्ही त्याला मारायला निघालो होतो.

हे शेतातून आले. मी ओंजळ पुढे केली. त्यांना समजायला वेळ लागला नाही. हातातला विळा त्यांनी भिंतीकडे भिरकावला.

"मायच्या वर्षावासापायी झालं हे सारं! एक अंडं उकडलं असतं तं..."

आई दारातच उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, माझ्या हातातल्या गोळ्या बघितल्या.

"गूळ काहून देत होते तुमी?"

मी म्हटलं, "घरात अंडं नव्हतं ना आई. तुमचा वर्षावास..."

"मले कोनी पुसलं काय?"

हे विळा उचलायला भिंतीकडे वळले.

"मी माही जीभ बंद ठेवतो. त्याचं औसद बंद ठेवा म्हटलं काय मी? मी विहारात बसून जीवदया आयकून राहिली, आन घरात तुमी मले न पुसता हे करून राहिले." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "येवढी वाईट समजले तुमी मले?"

वाईट नव्हे, उलट फार मोठं समजलो होतो. पण त्यांच्यापर्यंत पोचलं ते असंच पोचलं, आणि ते मला आजही खोडता येत नाही. त्या दिवशी कुणीच जेवलं नाही.

आता

डॉक्टरांना फोन केला. "एकदाही नाही" असं छातीठोक सांगणाऱ्या बाईला गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या हे सांगताना फार जड गेलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सापडल्या. आता घाईने काही बंद करू नका, उतरत्या पायरीने कमी करत जाऊ." थंडी सरेपर्यंत दुसरी गोळी सुटली आणि पहिली पूर्वीच्या जागी आली.

भुऱ्या परत आला, पण सगळा नाही. तो चालतो, मागचा एक पाय ओढत. एका बाजूचं त्याला नीट दिसत नाही. लेक नागपूरहून आली की तिच्यावर भुंकतो, आणि ती आत जाऊन रडते. कावळे अंगणात उतरले तर बघत बसतो. त्या लागोपाठच्या झटक्यांत काय गेलं आणि औषधात काय गेलं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मला सल्ला द्यायचा अधिकार नाही, तरी देते. गोळी दिली म्हणजे गेली नव्हे. गिळेपर्यंत बघा, नंतरही तो कुठे जाऊन बसतो ते बघा. डॉक्टर "नक्की ना" म्हणाले तर चिडू नका, घरी जाऊन पोतं उचला. आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या मनात काय आहे हे आपल्याला कळतं, असं धरून चालू नका. तोंडाने विचारा. दोन शब्दांचं काम होतं ते.

यंदाची आषाढ पौर्णिमा होऊन गेली. संध्याकाळी आई पांढरं लुगडं नेसून विहाराला निघाल्या होत्या. छपरीत भुऱ्याशेजारी टेकल्या, त्याची मान मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "एक सांग वो. तवा अंडं भेटलं असतं, तं हा असा झाला नसता न?"

मी म्हटलं, "तसं नाही आई. आजारच तसा होता त्याचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तरीन हायस तू. तुले खोटं बोलाले येत नाई."

मग त्यांनी भुऱ्याच्या ओठाची लाळ पदराने पुसली, त्या पांढऱ्याशुभ्र पदराने, आणि म्हणाल्या, "ऊठ. चुलीवर अंडं ठेवलं हाये मी. उकडलं असंन आता."